मागचा पत्रा कुणी खाल्ला

मारुंजीच्या शालनबाई गाडी चालवताना स्टेअरिंग धरतात ते परातीत पीठ मळायला बसल्यासारखं. दोन्ही तळवे टेकवून, खांद्यातून जोर लावून. गाडी सात माणसांची, डिझेलवरची, उंच. एके काळी चंदेरी होती. आता तिचा रंग कोणता म्हणायचा यावर घरातसुद्धा एकमत नाही. मीटरवर तीन लाख शहाऐंशी हजार किलोमीटर. पंधरा वर्षांपूर्वी आयटीवाल्यांच्या टॉवरांना जमिनी गेल्या, तेव्हा एका वर्षात गावात पंचवीस-तीस मोठ्या गाड्या आल्या, त्यातली ही एक. बाकीच्या कधीच गेल्या. कुणी दोनदा बदलल्या, कुणी तीनदा. ही राहिली, कारण हिला काम होतं.

काम भाकरीचं. घरामागच्या शेडमध्ये अकरा बायका सकाळी सहापासून भाकऱ्या थापतात. ज्वारीची, बाजरीची, श्रावणात नाचणीची. फडक्यात गुंडाळून, मोठाल्या डब्यांत भरून त्या आधी ताथवड्याच्या होस्टेलांच्या मेसला जातात आणि तिथून पुढं चाकणच्या दोन कंपन्यांच्या कँटीनला. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत डबे उतरले पाहिजेत. तिथं दोन हजार किलोमीटरवरून आलेला पोरगासुद्धा हल्ली भाकरी मागतो. भूमकर चौकात गाडी अर्धा तास अडकली तर शालनबाई काच खाली करून समोरच्याला काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गाडी आधी नवरा चालवायचा. आबाजी. सहा वर्षांपूर्वी साखरेनं त्यांचे डोळे अधू केले, तेव्हा प्रश्न पडला की भाकरी नेणार कोण. आबाजी म्हणाले, भावकीतल्या कुणाला तरी सांगू. शालनबाई म्हणाल्या, "भावकीला सांगितलं की भाकरी पोचती तिसऱ्या दिशी." आणि सेहेचाळिसाव्या वर्षी त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पोराशेजारी जाऊन बसल्या. पहिल्या आठवड्यात घराचा कोपरा गेला, दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांचा. तिसऱ्या आठवड्यात बाई तळवड्याच्या रस्त्यानं चाकणला जाऊन आल्या.

आता आबाजींविषयी. आबाजी म्हणजे देवमाणूस, असं सगळी भावकी म्हणते. सगळी भावकी ज्याला देवमाणूस म्हणते त्याच्या बायकोला एकदा विचारून बघावं. या माणसाच्या तोंडून आजवर "न्हाई" हा शब्द निघालेला नाही. कुणाचं जावळ, कुणाचं जागरण, कुणाच्या पोरीचं बाळंतपण, कुणाच्या बैलाला डॉक्टरकडं न्यायचंय, की फोन आबाजींना. "आबा, गाडी लागंल." आणि आबाजी उत्तर द्यायच्या आधीच चावी काढायला उठलेले.

लोकांच्या दारात गाड्या नव्हत्या अशातला भाग नाही. होत्या, आणि आहेत. पांढऱ्याशुभ्र, काळ्या काचांच्या, अंगावर झूल घातलेल्या. पण त्या गाड्या लग्नाला जायच्या, ढाब्यावर जायच्या, महाबळेश्वरला जायच्या. बोकड आणायचा म्हटलं की आबाजींची गाडी. बर्फाच्या लाद्या, रक्तबंबाळ माणूस, ओकणारं पोर, देवकार्याची तेलकट पातेली, सगळं आबाजींच्या गाडीत. नव्या सीटांना डाग पडतात म्हणे. आणि परत आलेली गाडी शालनबाई दुपारभर पाईप लावून, फिनेल टाकून, घासून काढायच्या. दुसऱ्या दिवशी तिच्यात भाकरी जायची होती. आणणाऱ्यानं कधी बादलीभर पाणी टाकलंय? नाव काढू नका. उलट खाली उतरता उतरता म्हणणार, "आबा, आता बदला राव ही डबडी. लय आवाज करती."

बोकडाला डबडी चालते. आवाज माणसांना त्रास देतो.

मागच्या दिवाळीनंतर थोरल्या आत्याबाई गेल्या. आबाजींच्या थोरल्या चुलतभावाची, सयाजींची आई. वय नव्वदीला टेकलेलं. संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात भरदुपारी जीव सोडला. शववाहिकेला दोन तास लागतील असं कळलं, आणि इकडं गावात माणसं जमलेली, सरण रचलेलं. दवाखान्याच्या आवारात सयाजींच्या मुलाची, जयदीपची नवी गाडी उभी होती. घेऊन दोन महिने झाले होते. आजीला बघायला तो त्याच गाडीतून आला होता. आणि त्या आजीनंच त्याला कडेवर वाढवलेलं, शेंबूड पदरानं पुसलेला.

जयदीप फोन कानाला लावून लांब जाऊन उभा राहिला. मग आला आणि म्हणाला, "काकी, माझ्या गाडीची अजून जेजुरी व्हायचीय. देवाला दाखवल्याबिगर असलं काही न्हेता येत न्हाई. तुमची मागवू का?"

नवी गाडी आधी खंडोबाच्या पायाशी न्यायची ही आमच्याकडची रीत आहे, खोटं नाही. पण दोन महिन्यांत ती गाडी दोनदा लोणावळ्याला जाऊन आली होती. लोणावळ्याला खंडोबा नाही.

मागवायची गरजच नव्हती. शालनबाई चाकणहून मोकळे डबे घेऊन परस्पर तिथंच आल्या होत्या, गाडी बाहेर रस्त्यावर होती. डबे रिक्षात घालून घरी पाठवले. मागच्या सीटा पाडल्या, स्वतःची चादर अंथरली, म्हातारीचं डोकं पुढच्या बाजूला घेतलं. गाडी स्वतः चालवली. खड्डा आला की तान्ह्या पोराच्या मानेखाली हात सारावा तसा पाय ब्रेकवर हळूच ठेवायच्या. मेलेल्या माणसाला काय लागणार, असं कुणी म्हणालं असतं तर त्याला खाली उतरवलं असतं. प्रेत नेलेल्या गाडीत लगेच भाकरी नको म्हणून पुढचे पाच दिवस ती भाड्याच्या टेम्पोनं गेली. त्या भाड्याचं कुणी नाव काढलं नाही, आणि शालनबाईंनीही काढलं नाही. ही शेवटची सेवा होती, तिचा मोबदला कसला.

घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. म्हणून जयदीपचं लग्न वैशाखात धरलं. लॉन ताथवड्यात. मारुंजीतून नवरदेव निघायचा, पुढं मागं पंधरा गाड्या, वर ड्रोन. जयदीपचा दोस्त संघर्ष सगळ्यांना गाड्या लावायच्या जागा सांगत फिरत होता. शालनबाई पहाटे उठून गाडी धुऊन, बोनेटला झेंडूची माळ बांधून आल्या होत्या. आबाजी शेजारी, फेटा बांधून.

"काकी, तेवढी गाडी जरा मागं घ्या ना," संघर्ष म्हणाला. "फ्रेममधी येतीय."

"कशात येतीय?"

"फ्रेममधी. ड्रोन लावलाय. सगळ्या गाड्या पांढऱ्या हायत."

"थांब मग, चुना लावून आणते."

पोरगं हसलं, पण सरकलं नाही. तेवढ्यात नवरदेवाची आई आली. इंदुताई. नात्यानं शालनबाईंची थोरली जाऊ. नथ, शालू, हातात आरतीचं ताट. काचेपाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, "शालन, राग धरू नको. पोराच्या अंगाला हळद लागलीय. आन् तुझ्या गाडीत आत्याबाईंना आणलेलं. मढ्याची गाडी नवऱ्याच्या पुढं नको, बाई. तू आपली समद्यात मागनं ये."

"आक्का, माझी गाडी मढ्याची कुणामुळं झाली?"

"ते समदं खरं हाय गं. पण रीत ती रीत."

रीत. माझ्या डोक्यात या शब्दानं अजून तिडीक जाते. मेलेल्या आजीला नव्या गाडीत घ्यायचं नाही, ही रीत. जिनं घेतलं तिची गाडी हळदीपुढं आणायची नाही, ही पण रीत. ही रीत मोठी हुशार आहे. तिला कुणाची सीट कधी वाचवायची ते बरोबर कळतं. शिवायला भाग पाडायचं आणि मग शिवलीस म्हणून लांब बस म्हणायचं, हा खेळ आपल्याकडं फार जुना आहे. आता तो गाड्यांशीही खेळतात, एवढंच.

शालनबाईंनी गाडी मागं घेतली. पंधराव्या गाडीच्याही मागं, जिथं बँडवाल्यांचा टेम्पो आणि जनरेटरची गाडी होती. झेंडूची माळ तिथं धुरानं काळी पडली.

खरं दुखणं पुढंच होतं. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी आबाजींना छेडलं, "काय आबा, गाडी इतिहासात जमा करता का न्हाई?" आबाजींना लाज वाटली. चारचौघांत लाज वाटली की हा माणूस काहीतरी देऊन टाकतो. म्हणाले, "आमी तशीबी भंगारातच घालणार हाय. पंधरा वर्सं भरली. पुढल्या महिन्यात पासिंग संपतंय."

जयदीप, मुंडावळ्या बांधलेला, शेजारच्याच पाटावर. त्याचे कान टवकारले. "काका, मग भंगाराचा दाखला मला द्या. बायकोसाठी एक छोटी गाडी घेतोय. जुनी मोडल्याचा दाखला दाखवला की नवीवर सूट मिळती."

"घे की," आबाजी म्हणाले. "दिला शब्द."

हे शालनबाईंना कळलं परतीच्या वाटेवर, आणि तेही आबाजींनी मोठ्या औदार्याचं काम केल्यासारखं सांगितलं तेव्हा. बाईंनी पुढचे चार किलोमीटर गाडी दामटली. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाल्या, "तुमाला सवताला भंगारात जायचं आसंल तर सांगा. दाखला मी काढून आणते."

"चिडू नको. लोकं हसत्यात आपल्याला."

"आपल्याला न्हाई. तुमाला हसत्यात. मला हळदीतनं हाकलत्यात."

पण घरी आल्यावर त्यांच्याही मनात चलबिचल सुरू झाली. हे लपवण्यात अर्थ नाही. गाडीच्या पुढच्या चाकातून खड्ड्यात धाडकन आवाज यायचा. क्लच दाबताना गुडघा बोलायचा. मागून एक कुबट वास यायचा तो फिनेलनंही जात नव्हता. पासिंग करायचं म्हणजे गाडी मोशीच्या आरटीओत उभी करायची, पर्यावरणाचा कर भरायचा, ब्रेकपासून दिव्यांपर्यंत सगळं नीट दाखवायचं. एवढा खर्च पंधरा वर्षांच्या गाडीवर करायचा का? भाकरी टेम्पोनं जाईल. पण टेम्पोवाला त्याच्या वेळेनं येणार, आणि भोंगा कंपनीच्या वेळेनं होणार. आणि गाडी गेली की बावन्नाव्या वर्षी कुठंही जायचं तर आबाजींना विचारायचं, आबाजींनी भावकीला विचारायचं, आणि भावकीनं झूल काढायची का नाही ते ठरवायचं. सहा वर्षांपूर्वी ज्या उंबऱ्यातून त्या गाडी काढून बाहेर पडल्या, त्या उंबऱ्यात परत जाऊन बसायचं. प्रश्न एवढाच होता. बाकी सगळं पत्रा आणि नटबोल्ट.

तिसऱ्या दिवशी भाकरी पोचवून त्या परस्पर ज्योतीरामच्या गॅरेजला गेल्या. ज्योतीराम धाराशिवकडचा. वीस वर्षांपूर्वी कंपनीत कामाला आला, कंत्राट संपलं, ताथवड्याच्या हायवेलगत चार पत्रे उभे करून बसला. बोलतो कमी. गाडीशी बोलतो असं म्हणतात, पण ती लोकांची बनवाबनवी आहे. तो गाडीचं ऐकतो.

"ज्योतीराम, हिच्यात काय दम उरलाय का सांग. नसंल तर आजच भंगारात घालते. खोटं बोलू नको, तुला गिऱ्हाईक पायजे म्हणून."

"मावशी, आधी बघू तर द्या. तुम्ही तर दवाखान्यात येऊन मर्तिकाचं सामान मागायलाव."

त्यानं बोनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं. मग ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवून दिलं. "आता बघा. इंजिन झिजून आतून गॅस मारत असंल तर हे झाकण नाचतंय. उडून पण पडतंय."

दोघं वाकून बघत राहिले. इंजिन धडधडत होतं. झाकण जागचं हललं नाही. एखादी सून सासूपुढं बसते तसं बसून राहिलं.

"तीन लाख शहाऐंशी हजार," ज्योतीराम म्हणाला. "लाख किलोमीटरातच नासवून आणलेली इंजिनं बघतो मी रोज. मावशी, इंजिन तुम्ही लै जपलाव. ह्याला पाना लावायची पण गरज नाही."

"मग धाडधाड काय वाजतंय?"

"ते रबरी बुश. ते झिजणारच, त्यासाठीच असतेत. क्लच प्लेट बदलू." असं म्हणत तो गाडीखाली सरकला. दोन-तीनदा ठोकून बघितलं. मग खालून म्हणाला, "मावशी, मागं मीठ वाहताव का काय?"

"मीठ कशाला वाहीन?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर वर रेटला. शालनबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत मॅटमधून स्क्रूड्रायव्हरचं टोक वर आलं, पापडातून बोट यावं तसं. ज्योतीराम बाहेर आला, मॅट उचलली. खाली पत्रा नव्हता. तपकिरी पोपडे होते, आणि पोपड्यांखाली गॅरेजची जमीन दिसत होती. कुबट वास तिथलाच.

"पुढची अर्धी गाडी नवी हाय, मागची अर्धी कुजली," तो म्हणाला. "असं मी पहिल्यांदा बघायलोय. काय वाहताव मागं?"

"बोकडं," शालनबाई म्हणाल्या.

"किती?"

"मोजलीत व्हय? पंधरा वर्सांची जत्रा, जावळं, जागरणं धर. समद्या भावकीची."

"मग बरोबर. मुतानं लोखंड सडतंय. आमच्याकडं शेळ्यांच्या कोठ्याचं दार दोन वर्षांत जातंय."

"पण मी धुत होते की. दर टायमाला. पाईप लावून, फिनेल टाकून."

ज्योतीराम जरा घुटमळला. मग सांगून टाकलं. "मॅट उचलून धुत होताव का वरूनच?"

"वरनंच. ती मॅट निघती हेच ठाव न्हाई."

"तेच की. पाणी मॅटखाली गेलं, तिथंच मुरलं. निम्मा पत्रा बोकडानं खाल्ला मावशी, आन् निम्मा तुमच्या पाण्यानं."

शालनबाई त्या भोकाकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही, संताप आला. दुसऱ्यांची घाण आपल्या अंगणात आली, ती आपण गुडघे टेकून धुतली, आणि त्या धुण्यानंच आपलं घर पोखरलं. आणि आपल्याला वाटत होतं आपण गाडी राखतोय. भाकरीसाठी स्वच्छ ठेवतोय. पंधरा वर्षं एकानंही मॅट उचलून बघितली नाही, त्यांनी नाही आणि आपणही नाही.

"आन् मढं?" त्यांनी विचारलं. "थोरल्या आत्याबाईंना हितनंच नेलं. त्यानं काय झालं आसंल का?"

ज्योतीरामनं हात पुसले. "मढ्यानं पत्रा सडत नाही मावशी. त्याचा डाग बी नाही कुठं."

शालनबाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "चल. म्हंजी म्हातारीनं काय खाल्लं न्हाई."

"सडका भाग कापून नवा पत्रा बसवतो. पाच दिवस द्या. बुश, क्लच, एक दिवा. पासिंग होतंय, पाच वर्षं आरामात. पण एक सांगतो. माणसं वाहा, भाकरी वाहा. मागं वलं काही टाकायचं नाही. परत बोकड घातला तर माझ्याकडं येऊ नका, मी हात लावायचो नाही."

"ज्योतीराम," शालनबाई म्हणाल्या, "हे मला तू सांगू नको. हे कागदावर लिहून दे, मी दारावर डकवते."

गाडी तिथंच सोडून त्या रिक्षानं घरी गेल्या.

ते पाच दिवस टेम्पोच्या मागं धावण्यात गेले. एकदा डबे चाकणला भोंग्यानंतर पोचले, आणि कँटीनच्या मॅनेजरनं पहिल्यांदाच "बघा बुवा" असं म्हटलं. चौथ्या दिवशी जयदीप आला. अंगठ्या, पांढरा शर्ट, हातात फॉर्म. शालनबाई शेडमध्ये पिठात हात घालून बसल्या होत्या. आबाजी खुर्चीवर.

"काकी, हितं आन् हितं सही पायजे. गाडी उचलायला उद्या माणसं येत्यात. तुमाला कायच करायला नको."

"माझी सही कशाला? तुज्या काकांनी शब्द दिलाय न्हवं?"

जयदीप आबाजींकडं बघायला लागला. आबाजी छताकडं. गाडी घेताना सीएनं सांगितलं होतं, जमिनीचं सगळंच एका नावावर नको, गाडी वहिनींच्या नावावर घ्या. पंधरा वर्षांत ते एका माणसाच्या लक्षात राहिलं नव्हतं. भावकी तिला आबाजींची गाडी म्हणत होती, आबाजी आपली गाडी म्हणत होते.

"आर्सी बुकावर तुमचंच नाव हाय, काकी," जयदीप म्हणाला.

"आसं व्हय. मग गाडी मोडायची का न्हाई हे मला कुणी इचारलं?"

"शालन," आबाजी हळूच म्हणाले, "चारचौघांत शब्द दिलाय गं मी."

"तुमचा शब्द तुमी पाळा. तुमची स्कूटर हाय की कोपऱ्यात. ती द्या भंगारात."

शेडमधल्या बायकांच्या थापण्याचा आवाज एकदम बारीक झाला. जयदीपनं मग दुसरा सूर लावला. "काकी, तसं न्हाई. आता किती जुनी झाली ती. धूर सोडती. पर्यावरणाचा पण इचार करायला पायजे आपण."

"व्हय का? तुज्या दारात दोन उभ्या हायत, तिसरी आणतोयस. तुज्या बापानं पंधरा वर्सांत तीन बदलल्या. त्यातली एक तरी धड चालवली असती तर एवढ्या लागल्या असत्या का? माझ्या गाडीची धुराची चाचणी दर साली होती. पास हुती. तुज्या पर्यावरणाला सांग, शालनकाकीनं एकच गाडी वापरली."

"मी बुकिंग केलंय, काकी. आता भावकीत काय तोंड दाखवू?"

"हळदीला दाखवलंस तेच दाखव."

जयदीपनं फॉर्मची घडी घातली. जाताना आबाजींना म्हणाला, "काका, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती." आबाजी त्याच्यामागं दारापर्यंत गेले, त्याला काहीतरी गोड बोलायला. शालनबाईंनी परात जोरात आपटली, तेव्हा ते थांबले.

गाडी आली. मागं नवा पत्रा, त्यावर काळा रंग, वर उचलता येणारी नवी मॅट. मोशीला सकाळी नऊला रांगेत उभं राहून दुपारी अडीचला तपासणी झाली. साहेबानं दिवे बघितले, ब्रेक दाबून बघितला, मागचं दार उघडून वाकून बघितलं. मीटरवरचा आकडा वाचून शालनबाईंकडं एकदा बघितलं आणि कागदावर सही केली. आणखी पाच वर्षं. त्या दिवशी घरी त्यांनी गोड काही केलं नाही. ज्याला हक्काचं म्हणतात त्याचे पेढे वाटायचे नसतात, असं त्यांचं म्हणणं.

पंधरा दिवस फोन आला नाही. मग गुरुवारी संध्याकाळी आला. आबाजींना स्क्रीन धड दिसत नाही म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. पलीकडं सयाजी.

"आबा, जयदीपचं जागरण ऱ्हायलंय न्हवं, ते रविवारी धरलंय. झालं गेलं सोडून द्या. शनिवारी चाकणच्या बाजारातनं दोन बोकडं आणायचीत. गाडी लागंल."

आबाजींनी बायकोकडं बघितलं. बाई डबे पुसत होत्या. वर बघितलं नाही.

"गाडी..." आबाजी म्हणाले, "गाडी जरा, दादा, गॅरेजला..."

"गॅरेजला न्हाई," शालनबाई म्हणाल्या, डबा पुसता पुसता, जेवायला वाढू का विचारावं तशा आवाजात. "दारात हाय. खोटं सांगू नका."

"आबा? ऐकू येतंय का?"

आबाजींच्या कपाळावर घाम आला. साठ वर्षांच्या माणसानं फोन या हातातून त्या हातात घेतला. "गाडी दारात हाय, दादा," ते म्हणाले.

"मग?"

"देत न्हाई."

पलीकडं कुणीतरी टीव्ही बारीक केला. "का रं? काय झालं?"

"मागचा पत्रा नवा टाकलाय. बोकडं जयदीपच्या गाडीत आणा."

"डोकं फिरलं का तुजं? त्या गाडीत बोकडं? सीटा नव्या हायत तिच्या."

"आमचा पत्राबी नवाच हाय," आबाजी म्हणाले, आणि फोन तसाच धरून बसले. शेवटी शालनबाईंनी येऊन तो बंद केला.

"आता भावकी नावं ठिवणार," आबाजी म्हणाले.

"ठिवू द्या. शनिवारी पाचशे भाकरी हाय चाकणची. तुमी या बरोबर. डबे उतरवायला माणूस पायजे."

शनिवारी डबे उतरवून परत निघाले तेव्हा चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. पुढं तीनचाकी मालवाहू टेम्पो होता. त्याच्या हौद्यात दोन काळी बोकडं, गळ्यात दोऱ्या, आणि त्यांच्यामधे सयाजी एका हातानं दोरी आणि दुसऱ्या हातानं टोपी धरून बसलेले. त्यांनी यांना बघितलं. मग सिग्नलकडं बघायला लागले.

आबाजी अस्वस्थ झाले. काच खाली करून काही बोलावं का म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि परत मांडीवर ठेवला.

शालनबाई त्या टेम्पोकडं बराच वेळ बघत होत्या. असले टेम्पो चाकणच्या बाजाराबाहेर रांगेनं उभे असतात. आजही होते, कालही होते.

"पंधरा वर्सं," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्सं हितंच उभा हुता हा टेम्पो."

मागून हॉर्न वाजला. त्यांनी क्लच दाबला आणि गाडी पुढं काढली.